घरी करतो हो

बाईंच्या खोलीत बाळाच्या आईसाठी एक खुर्ची होती आणि तिचे नियम बाळाच्या नियमांपेक्षा कडक होते. बाळाला मांडीवर घेऊन टेबलाशी बसायचं, दोन्ही हात त्याच्या कमरेला आणि तोंड बंद. बाळानं ठोकळा उचलला तर शाब्बास म्हणायचं नाही. नाही उचलला तर त्याचं कोपर हळूच पुढे ढकलायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही, कारण एका आईनं खोकून खोकून बाळाला घंटी कुठे आहे ते सांगितलं होतं.

ही खोली लसीकरणाच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खालच्या मजल्यावर बाळं रडत, वरच्या मजल्यावर बाळांच्या आया. कोणत्या महिन्यात बाळ काय करतं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि प्रत्येकाचं वेगळं होतं. डॉक्टर वजन करत, उंची मोजत आणि वहीत लिहीत. बाळाच्या डोक्यात काय चाललंय ते मोजता येतं असं म्हणणारी बाई त्या इमारतीत एकच होती, आणि मानसशास्त्रातली तिची पदवी वाचून शिपायानंसुद्धा पहिल्या दिवशी तिला वेड्यांच्या दवाखान्याचा पत्ता सांगितला होता.

त्या गोष्टीला तीन वर्षं झाली. बाईंनी पत्र्याची एक पेटी घेतली. तिच्यात लाल ठोकळे, एक पेला, एक घंटी, हातभर दोरीला बांधलेली कडी, छोटा आरसा आणि निळं फडकं. एवढ्या सामानावर त्यांनी चारशेच्या वर बाळं तपासली. प्रत्येकाला तीच वस्तू, तशीच, त्याच क्रमानं. निम्मी बाळं पेल्याखालचा ठोकळा कितव्या महिन्यात शोधतात, किती बाळं त्याआधी, किती नंतर, याचा त्या तक्ता करत होत्या. बाळांसमोर बाई जमिनीवर पालथ्या पडायच्या. मोठ्या माणसांपुढे त्या कधी वाकल्याचं मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

आयांचं एक वाक्य ठरलेलं असे. बाळानं ठोकळ्याकडे ढुंकून पाहिलं नाही की आई म्हणे, “घरी करतो हो, इथंच काय झालंय कळत नाही.” वर्षभर हे ऐकल्यावर बाईंनी कागदावर शेवटी एक रकाना छापून घेतला, ‘घरी करतो’. त्याला गुण नव्हते, पण आयांना बरं वाटे आणि बाईंना तो वाचायला आवडे. एका आजीनं त्यात लिहून घेतलं होतं की चार महिन्यांची नात पूर्ण वाक्यं बोलते, पण फक्त तिच्याशी. एका वडिलांचं बाळ घरी शिडी चढत असे. शिडी आडवी ठेवलेली होती, हे त्यांनी दोनदा विचारल्यावर सांगितलं.

हा रकाना भरायचं काम पेन्सिलचं. तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं. बाकी सगळे तिला पेन्सिलच म्हणत, कारण अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली. ती पडद्याआड बसून होय-नाहीच्या खुणा करायची. त्याआधी बाहेरच्या बाकावर आयांना गाठून बाळाची जन्मतारीख विचारायची (आया ती हमखास दोन आठवडे अलीकडची सांगत, म्हणून दाखला बघून घ्यायची) आणि मग नियम ऐकवायची. हा नियम तिनं चारशे वेळा ऐकवला असेल: घरी सराव घ्यायचा नाही. शिकवलेल्या बाळाचं माप खोटं येतं, आणि ते खोटं माप उद्या दुसऱ्या कुणाच्या बाळाच्या डोक्यावर बसतं.

तिच्या आधीच्या मदतनीस मुलीनं एकदा एका बाळाला नुसत्या डोळ्यांनी फडक्याकडे खुणावलं होतं. बाईंनी तिला चहा पाजला, चांगलं पत्र लिहून दिलं आणि त्याच संध्याकाळी निरोप दिला. पेन्सिलला हे पक्कं ठाऊक होतं. ती खुर्ची, तो पडदा, तो तक्ता हळूहळू भरताना बघणं, हे तिला जगातल्या कुठल्याही नोकरीपेक्षा प्यारं होतं. आणि गेले दोन महिने तिचा जीव टांगणीला लागला होता, कारण तिच्या घरी पलंगाखालच्या चपलांच्या खोक्यात एक लाल ठोकळा होता.

तो तिथं आला त्याची कथा अशी. पेन्सिलचा नवरा सुतार. बाईंचे ठोकळे त्यानंच केले होते. बाईंनी एकेक ठोकळा मापाच्या चिमट्यात धरून पाहिला आणि बारा नाकारले, एका केसानं मोठे म्हणून. सुतार आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे गप्प बसला. नाकारलेले ठोकळे चांगल्यांत मिसळू नयेत म्हणून बाईंनी तेही मागून घेतले. अकरा गेले. बारावा रंध्याच्या पाट्याखाली घरंगळला होता, तो पुढे कधीतरी झाडताना सापडला.

तोवर पेन्सिलला मुलगा झाला होता. गोल, शांत, मांडीला तीन वळ्या, म्हणून ढब्बू. त्याच्यानंतर अकरा दिवसांनी शेजारच्या बिऱ्हाडात जाऊबाईंना मुलगी झाली, ती मैना. मैना सातव्या महिन्यात चमचा या हातातून त्या हातात घ्यायला लागली. ढब्बू तेव्हा उताणा पडून, पेन्शनीत निघालेल्या माणसाच्या समाधानानं छताकडे बघत असे. कुणी बोललं तर हसे, न बोललं तर त्याहून जास्त हसे. सासूबाई एवढंच म्हणाल्या की असतात काही मुलं सावकाश. वाईट मनानं नाही म्हणाल्या, पण तो ‘सावकाश’ पेन्सिलच्या पायात काट्यासारखा रुतून बसला.

बाकीच्या आया आपलं बाळ शेजारणीच्या एका बाळाशी ताडून बघतात. पेन्सिलला चारशे बाळं तोंडपाठ होती. ढब्बू दूध प्यायचा तेव्हाही तिच्या डोळ्यांपुढे तक्ता असे आणि ढब्बूचं बोट कुठल्या ओळीवर येतं ते ती शोधत असे.

एका दुपारी जेवायला घरी आली तेव्हा तिनं खोक्यातून तो ठोकळा काढला. एकदाच बघू म्हणाली. ढब्बूच्या समोर ठोकळा ठेवला आणि त्यावर पेला पालथा घातला. ढब्बूनं पेल्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. हिचा ठोकळा हरवला, बिचारी, असा त्याचा चेहरा. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सुतारही जमिनीवर येऊन बसला, म्हणाला, पेला वाकडा ठेव, लाकडाचा कोपरा दिसू दे. नवव्या दिवशी ढब्बूनं पेला उचलला आणि दोघांनी इतक्या टाळ्या पिटल्या की जाऊबाई काय झालं म्हणून विचारायला आल्या. सुतारानं डास मारतोय म्हणून सांगितलं.

मग रोजचाच खेळ झाला. ठोकळा, पेला, टाळ्या. घंटी, टाळ्या. दोरी ओढून कडी आणायची, टाळ्या. आणि सासूबाईंना मात्र तिनं बजावून ठेवलं की तसलं काही बाळाबरोबर अजिबात करायचं नाही, बाईंचा नियम आहे. चोरी लपवायला तिला याहून चांगलं काही सुचलं नाही.

आठव्या महिन्यात बाई म्हणाल्या, ढब्बूलाही आण. पेन्सिलला खुणा करायच्या होत्या म्हणून खुर्चीवर सासूबाई बसल्या. ढब्बूनं सगळं फटाफट केलं. पडद्याआड पेन्सिल होय, होय, होय अशा खुणा करत गेली. बाईंनी कागद घेतला, वाचला आणि नुसतं ‘हं’ म्हणाल्या. त्या दिवसापासून तिला दोन गोष्टी टोचत होत्या. एक म्हणजे खोटा कागद बाईंच्या तक्त्यात जाऊन बसला होता. दुसरी ती कुणालाच सांगू शकत नव्हती: ढब्बू खरंच कसा आहे हे समजायचं जगात एकच साधन होतं आणि ते तिनं स्वतःच्या हातानं मोडून ठेवलं होतं.

अशात समिती यायचं ठरलं. समितीत दोघंच. एक अध्यक्ष, मोठे नाणावलेले बालरोगतज्ज्ञ, ज्यांचं म्हणणं की बाळ हुशार आहे की नाही ते आपल्याला दारातूनच कळतं. दुसरे आकडेवाले, ज्यांनी बाळ कधी हातात घेतलं नव्हतं, पण सरासरी झोपेतही काढायचे. दोघांना पटलं तर बाईंची मोजणी छापून गावोगावच्या दवाखान्यांत जाणार. नाही पटलं तर त्या खोलीत लसींचा फ्रीज ठेवायचा होता. शिपायानं फ्रीजसाठी भिंत मोजूनही ठेवली होती.

गुरुवारी दहा वाजता प्रयोगासाठी शिंपिणीचा नऊ महिन्यांचा मुलगा बोलावला होता. तो वेळेवर आला आणि येता येताच गाढ झोपला. झोपलेल्या बाळाला उठवायचं नाही, हा बाईंचाच नियम. अध्यक्ष खुर्चीत बसले, वरच्या खिशातला चष्मा काढून त्यांनी नियमावली वाचली, चष्मा परत खिशात ठेवला. वीस मिनिटं गेली. बाळ घोरायला लागलं.

“झोपतो मात्र उत्तम,” अध्यक्ष म्हणाले. “याला काही गुण आहेत का?”

“नाहीत साहेब,” बाई म्हणाल्या. “पण मला त्याचा हेवा वाटतो.”

आकडेवाल्यांनी तेवढ्यात घोरण्यांचा वेग काढला, मिनिटाला बावीस. आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई ढब्बूला कडेवर घेऊन दारात उभ्या राहिल्या. रोज अकराच्या सुमाराला त्या त्याला दूध पाजायला घेऊन येत. आज थोड्या लवकर आल्या होत्या. ढब्बूनं खोलीभर नजर फिरवली, टेबलावरचा लाल ठोकळा पाहिला आणि दोन्ही पाय झाडले, जुना मित्र भेटल्यासारखे.

“हा जागा आहे,” बाई म्हणाल्या.

पेन्सिलनं आडेवेढे घेऊन पाहिले. तो भुकेला आहे म्हणाली. मग पाज, आम्ही थांबतो, असं उत्तर आलं. त्याला अनोळखी माणसांची भीती वाटते म्हणाली, तर ढब्बू तोवर अध्यक्षांची मिशी धरून बसला होता. शेवटी ती त्याला घेऊन पडद्याआड गेली. त्या पडद्याबाहेर चारशे आयांनी मनातल्या मनात देवाला हाका मारल्या असतील, की माझ्या बाळाला आज सगळं येऊ दे. पेन्सिलनं दूध पिणाऱ्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, “राजा, आज काही करू नकोस रे. एक दिवस मठ्ठ हो.” ढब्बूनं दूध सोडलं, तिच्याकडे बघून तोंडभर हसला, हनुवटीवरून थेंब ओघळला, आणि परत प्यायला लागला.

मग पेन्सिल आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीत बसली. दोन्ही हात त्याच्या कमरेला, तोंड बंद. खुणा करायचं काम आकडेवाल्यांकडे गेलं. सासूबाईंना बाईंनी दाराशी स्टूल दिलं.

बाईंनी घंटी टेबलावर ठेवली. बाईंचा हात मागे जायच्या आत ढब्बूनं ती वाजवली आणि मान वळवून आईकडे पाहिलं. आईचे हात त्याच्या कमरेलाच. त्यानं जरा वाट पाहिली, मग सासूबाईंकडे पाहिलं, मग स्वतःच दोन टाळ्या वाजवल्या. दोरीची कडी त्यानं अशी ओढली की ती बाईंच्या कपाळावर बसली. परत टाळ्या. अध्यक्ष खूश झाले. म्हणाले की बघा, मी दारातूनच ओळखलं होतं. आकडेवाले भराभर खुणा करत होते. पेन्सिलच्या कानशिलावरून घाम वाहत होता आणि तो पुसायलाही हात मोकळा नव्हता.

बाईंनी पेला ठेवला आणि ठोकळा काढायला पेटीकडे वळल्या. तेवढ्यात ढब्बूनं रिकामा पेला उचलला, खाली काही नाही हे पाहून निमूटपणे परत पालथा ठेवला आणि बाईंकडे अपेक्षेनं बघत बसला, उशीर केलेल्या दुकानदाराकडे बघावं तसा.

बाई थांबल्या. मग त्यांनी नियमावलीत नसलेली गोष्ट केली. निळं फडकं घेतलं आणि पेल्याशेजारी पसरलं. ठोकळा ढब्बूच्या नाकापुढे धरला, तो बघतोय याची खात्री केली आणि त्याच्या डोळ्यांदेखत सावकाश फडक्याखाली सारला. फडक्याला चांगला ठोकळ्याएवढा उंचवटा आला.

ढब्बूनं पेला उचलला.

खाली काही नव्हतं. त्यानं पेला ठेवला, परत उचलला. आत डोकावून पाहिलं. मग मान वळवून आईकडे असं बघितलं, की तूच सांग, याला काय अर्थ आहे. पेन्सिलनं नियमाप्रमाणे तोंड आणखी घट्ट मिटलं.

“आता हा हुशार म्हणायचा की मठ्ठ?” अध्यक्षांनी विचारलं.

“दोन्ही नाही,” बाई म्हणाल्या. “याला शिकवलंय.”

खोलीत शिंपिणीच्या बाळाचं घोरणं तेवढं ऐकू येत होतं. बाई पेन्सिलकडे बघत नव्हत्या, फडक्याच्या घड्या सारख्या करत होत्या, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं. अध्यक्षांची नजर फिरत फिरत दाराशी, स्टुलावर गेली. ते मान डोलावून म्हणाले की घरात आजी असली की असं व्हायचंच, हौस असते बिचाऱ्यांना. सासूबाईंनी पदर सारखा केला.

पेन्सिलला गप्प बसता आलं असतं. अध्यक्षांनी दार उघडून दिलं होतं, तिला नुसतं त्यातून बाहेर पडायचं होतं. खुर्ची राहिली असती, पडदा राहिला असता. पण मांडीवरचा ढब्बू अजून टाळ्यांची वाट बघत होता. तिनं त्याच्या कमरेचे हात काढले, नियम मोडून त्याला छातीशी धरलं आणि म्हणाली, “आईंनी नाही, साहेब. मी शिकवलं. दोन महिने, रोज दुपारी.”

“मीपण शिकवलं,” सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या.

सगळे वळले. सासूबाईंनी पिशवीतून दोऱ्याचं रिकामं रीळ आणि एक वाटी काढली आणि पुरावा म्हणून टेबलावर ठेवली. सून कामावर गेली की सकाळी दहा ते अकरा त्यांचा वर्ग चालत असे. ढब्बू वाटी पाहून कासावीस झाला.

“तू नको म्हणाली होतीस, म्हणून तुला सांगितलं नाही,” त्या सुनेला म्हणाल्या. “अगं, पोराकडे तू सारखी कागद वाचल्यासारखी बघायचीस. मला बघवेना. म्हटलं याला एवढं येऊन जाऊ दे, म्हणजे ही त्याच्याकडे नीट बघेल तरी.”

पेन्सिलनं मान खाली घातली. ढब्बूनं ती संधी साधून तिच्या अंबाड्यातली पेन्सिल काढून घेतली.

अध्यक्षांनी मात्र आपला मुद्दा सोडला नाही. ते बाईंना म्हणाले की तुमच्याच घरच्या माणसानं तुम्हाला फसवलं, तर गावोगावच्या आया काय करतील? मोजणी गेली म्हणायची. आकडेवाल्यांनी खुणा करायचं थांबवून पेनाला टोपण लावलं.

बाईंनी कपाटातून एक जाड फाईल काढली. वर लिहिलं होतं, ‘शिकवलेली’. आत एकतीस कागद. त्या म्हणाल्या की आया शिकवणारच, हे पहिल्याच वर्षी ध्यानात आलं होतं. तेव्हापासून असे कागद त्या तक्त्यात जाऊच देत नाहीत.

“पण ओळखता कसं?” आकडेवाल्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“बाळ स्वतःहून काही करतं तेव्हा त्या वस्तूकडे बघतं,” बाई म्हणाल्या. “शिकवलेलं करतं तेव्हा आईकडे बघतं.”

त्यांनी फाईल पेन्सिलपुढे सरकवली. अठ्ठाविसावा कागद ढब्बूचा होता, आठव्या महिन्याचा. वर कोपऱ्यात त्याच दिवसाची तारीख आणि बाईंच्या बारीक अक्षरात एकच ओळ: आजीकडे बघून हसतो. त्या दिवसापासून पेन्सिल ज्या खोट्या मापापायी झुरत होती, ते तक्त्यात एक दिवसही गेलं नव्हतं.

“बाई, तुम्हाला माहीत होतं?”

“नाकारलेले बारा होते,” बाई म्हणाल्या. “माझ्याकडे अकरा आले. तू सांगशील म्हणून थांबले. फार वेळ घेतलास.”

अध्यक्षांना हे सगळं घरगुती वाटू लागलं होतं. ते म्हणाले, ठीक आहे, पण मग शिकवलेलं बाळ मोजायचं तरी कसं? ते कायमचं वायाच गेलं की. वाया गेलं हे ऐकून पेन्सिलनं वर पाहिलं. तिला इतके दिवस जे विचारायचं होतं ते हेच होतं.

“वाया कशानं जाईल,” बाई म्हणाल्या. “ज्याला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत असं काहीतरी त्याला द्यायचं. साहेब, तुमचा चष्मा जरा देता का?”

अध्यक्षांनी वरच्या खिशातून चष्मा काढून दिला, नाखुशीनंच. सोनेरी काड्यांचा होता. ढब्बूच्या हातातली पेन्सिल गळून पडली. बाईंनी चष्मा त्याच्यापुढे हलवला, काचेतला खिडकीचा चौकोन त्याच्या पोटावरून नाचत गेला, आणि मग तो फडक्याखाली ठेवला. ठोकळा आधीच काढून घेतला होता. पेला तिथंच शेजारी, पालथा.

ढब्बूचा हात पेल्यावर गेला. पेन्सिलनं डोळे मिटले. मग उघडले, कारण या वेळी तिला बघायचं होतं, तक्ता नव्हे, त्याला. त्याची बोटं पेल्याच्या कडेवर टेकली होती. तो उचलत नव्हता. खालचा ओठ पुढे आला होता, त्याच्यावर लाळेचा एक थेंब लोंबत होता, आणि तो विचार करत होता. आपलं पोर विचार करताना कसं दिसतं, हे तिनं आजवर पाहिलंच नव्हतं. मग बोटं पेल्यावरून सुटली, हवेत थोडी घोटाळली, फडक्याचं टोक त्यांच्या मुठीत आलं आणि निळं फडकं जमिनीवर जाऊन पडलं.

त्यानं कुणाकडेही पाहिलं नाही. आईकडे नाही, आजीकडे नाही. चष्मा दोन्ही हातांनी धरला, उलटा केला, सुलटा केला आणि एक काडी तोंडात घालून अतिशय गंभीरपणे चघळायला लागला.

टाळी कुणीच वाजवली नाही. सासूबाईंनी हात वर उचलले होते, ते तसेच गालावर ठेवले.

“हे याचं स्वतःचं,” बाई म्हणाल्या. आकडेवाल्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि एक खूण केली. नऊ महिने चार दिवस. फडक्याखालची वस्तू निम्मी बाळं साधारण तेव्हाच शोधतात, असं तक्ता सांगत होता. ढब्बू पुढेही नव्हता आणि मागेही नव्हता, चारशे बाळांच्या घोळक्यात मधोमध मजेत बसला होता.

पुढे तासभर बरंच बोलणं झालं. शिंपिणीचं बाळ उठलं, त्यालाही तपासलं. त्यानं पेला अध्यक्षांच्या डोक्यावर ठेवला. शेवटी आकडेवाले म्हणाले की जी मोजपट्टी स्वतःची लबाडी पकडते ती छापायला हरकत नाही. अध्यक्ष अजून पुरते वळले नव्हते. शेरा लिहायला म्हणून त्यांनी कागद पुढे ओढला आणि वरच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा. त्यांनी बाजूचा खिसा चाचपला आणि परत वरच्याच खिशात हात घातला. आत वाकून पाहिलं. समोर, दोन हातांवर, ढब्बू त्यांचा चष्मा चघळत बसला होता.

तिसऱ्यांदा त्यांचा हात खिशाकडे निघाला तेव्हा सासूबाईंना राहवलं नाही.

“घरी सापडत असेल हो,” त्या समजुतीनं म्हणाल्या. “इथंच काय झालंय कळत नाही.”

आधी आकडेवाले हसले, आणि त्यांना हसायची सवय नसल्यानं त्यांना खोकला आला. मग बाई. शेवटी अध्यक्षांनी ढब्बूकडे पाहिलं, आपल्या खिशाकडे पाहिलं, आणि मिशीतल्या मिशीत हसत हात पुढे केला. ओला चष्मा रुमालानं पुसून त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि सही केली. शिपायानं फ्रीज जिन्याखाली ठेवायचं ठरवलं.

पेन्सिलला आता आपलं काय होणार ते विचारायचा धीर नव्हता. पेटी आवरून झाल्यावर बाईंनीच सांगितलं. खुणा करायचं काम तिच्याकडून गेलं. उद्यापासून तिनं दिवसभर बाहेरच्या बाकावर, आयांमध्ये बसायचं. कोण घरी शिकवतं ते हुडकून काढायचं.

“चारशे आयांना तू नियम सांगितलास, एकीनंही तुला खरं सांगितलं नाही,” बाई म्हणाल्या. “आता तुझी गोष्ट आधी सांग. मग बघ.”

खरंच तसं झालं. दुसऱ्या दिवशी पेन्सिलनं बाकावर आपली, सासूबाईंची आणि रिळाची हकिगत सांगितली, आणि दुपारपर्यंत पाच आयांनी पिशवीतून आपापले पेले काढून दाखवले. एकीनं तर ठोकळाही रंगवून आणला होता, पण हिरवा. संध्याकाळी घरी गेल्यावर पेन्सिलनं हे जाऊबाईंना सांगितलं. त्या आधी पोट धरून हसल्या, मग म्हणाल्या की मैनाच्या हातात तो चमचा महिनाभर आपणच कोंबत होतो.

शनिवारी पेन्सिलनं बारावा ठोकळा आणून बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी तो मापाच्या चिमट्यात धरून पाहिला. अजूनही एका केसानं मोठा होता. एका कोपऱ्यावर दोन दातांच्या खुणा होत्या.

“मोजायला काही उपयोगाचा नाही,” असं म्हणून त्यांनी तो तिच्या हातात परत ठेवला.

ढब्बूचा गुरुवारचा कागद फाईलला लावायला टेबलावरच पडला होता. पेन्सिलनं तो उचलला. खुणा आकडेवाल्यांच्या होत्या, सरळ आणि सारख्या. सगळ्या खुणांवर एक बारीक तिरपी रेघ मारलेली, फक्त चष्म्याची खूण सोडून. खाली शेवटच्या रकान्यात, ‘घरी करतो’च्या पुढे, बाईंचं अक्षर होतं.

सगळं. टाळ्यांसकट.